बसून घेतलेलं माप

एका पेन्सिलीपायी माझं एकटीनं उडणं अडलं होतं.

धाराशिवच्या धावपट्टीवर मी विमान शिकत होते. दोन माणसं खेटून बसतील एवढंच विमान. डावीकडं मी, उजवीकडं मॅडम, म्हणजे माझ्या शिक्षिका. उतरायच्या बेतात होतो, पट्टी समोर दिसत होती, आणि मांडीवर ठेवलेली पेन्सिल निसटून पायातल्या पॅडलांकडं गेली. मी खाली बघितलं. विमान उतरवताना खाली बघायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मॅडम "सोड" एवढंच म्हणाल्या, कंट्रोल हातात घेतला, विमान उतरवलं, कडेला नेऊन बंद केलं. मग म्हणाल्या, "आता वाक आणि काढ ती."

मी डोकं खाली घालून चाचपडत पेन्सिल काढली. तिच्याबरोबर गोळीचा एक कागद आणि आठवड्यापूर्वी हरवलेलं पेनाचं टोपणही निघालं. दोन्ही माझीच.

"ही पॅडलखाली अडकली असती तर पॅडल दाबलं गेलं नसतं, विमान वळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या बरोबरच्या सगळ्यांचं सोलो झालं. तुला उडवता येतं, तो प्रश्न नाही. तुझ्या वस्तू कुठे आहेत ते तुला माहीत नसतं. ते जमेपर्यंत मी तुला एकटीला सोडणार नाही."

सोलो म्हणजे शिक्षक खाली उतरतो, शेजारची जागा रिकामी होते आणि आपण एकट्यानं एक फेरी मारून परत यायचं. ती एक फेरी झाली की माणूस खरा शिकाऊ वैमानिक. ती झाली नाही की नुसताच शेजारी बसलेला. माझ्या तुकडीत मी एकटीच अशी उरले होते.

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. खोलीवर येऊन मी बॅग आपटली. ज्यांच्या घरात मी खोली घेऊन राहत होते त्या मावशी तेरखेड्याच्या, शोभेच्या दारूच्या कारखान्यात काम करून थकलेल्या आणि आता लेकाजवळ धाराशिवला राहायला आलेल्या. त्यांनी बॅगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिल्या.

खरं सांगायचं तर मला खिशांची सवयच नव्हती. हे मी म्हणावं म्हणजे कमालच, कारण माझे आप्पा शिंपी. अणदूरला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान आहे आणि ते बंडीसाठी नावाजलेले आहेत. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले, बैलांचे व्यापारी, एसटीचे ड्रायव्हर गाडी थांबवून माप देऊन जातात आणि परतीच्या खेपेला बंडी नेतात. बाहेर चार खिसे, आतल्या बाजूला चोरखिसा, आणि चोरखिशाला असा टाका की बाहेरून हात फिरवला तरी कळू नये. एवढे खिसे शिवणाऱ्या माणसाच्या घरात मी लहानाची मोठी झाले, पण माझ्या एकाही फ्रॉकला खिसा नव्हता. पोरीला खिसा कशाला, असं कुणी म्हणालं नाही. कुणाला तो आठवलाच नाही. आई किल्ली कमरेला खोचायची. मी शाळेत पेन्सिल वेणीत खोचायची, रबर मुठीत धरायची आणि बाकीचं हरवायची. घरात सगळे मला वेंधळी म्हणायचे आणि मीही ते खरं मानलं होतं.

मॅडम स्वतः एक करडं जाकीट घालायच्या. पुढून सगळे खिसेच खिसे. इंजिन सुरू करायच्या आधी त्या एकेका खिशावर हात ठेवून त्यात काय आहे ते मोठ्यानं म्हणायच्या. नकाशा. यादी. बॅटरी. खिसा रिकामा असला तर "रिकामा" असं म्हणायच्या. याला त्या "खिसे म्हणणं" म्हणत. बरोबरच्या पोरांनी तसली जाकिटं मागवली होती. मीही एक मागवलं, तर ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. आमच्या घराण्यात उंची कुणाला नाही.

मी आप्पांना फोन केला.

"मग म्या कशाला हाय?" आप्पा म्हणाले. "किती खिसे?"

"सात."

"कशाकशाला?"

मी सांगत गेले. नकाशा, उड्डाणाची यादी, दोन पेन्सिली, बॅटरी, चष्मा, फोन आणि इंधनात पाणी आहे का ते बघायची एक नळी. पलीकडून खडूचा आवाज येत होता. आप्पा कागदावर लिहीत नाहीत, कापडावरच लिहितात. मी उडायला शिकते याबद्दल त्यांनी तोवर चांगलं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. शिकायचंय म्हटल्यावर "शीक" म्हणाले होते, तेवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला विमानाबद्दल चार प्रश्न विचारले आणि चारही खिशांबद्दल होते.

चार दिवसांनी जाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आलं. तो ड्रायव्हर आप्पांचंच गिऱ्हाईक. खाकी कापड, दुहेरी शिलाई, सातही खिशांना चेन. आरशासमोर घातलं आणि मला स्वतःचाच हेवा वाटला. मावशी म्हणाल्या, "फौजदारीण दिसतीस."

दुसऱ्या दिवशी विमानात बसले, पट्टे बांधले आणि सगळा दिमाख उतरला. दोन पट्टे खांद्यावरून येतात, दोन कमरेवरून. वरचे चार खिसे खांद्यांच्या पट्ट्यांखाली गेले. खालचे तीन पोट आणि मांडी यांच्या घडीत दबले. नकाशा काढायला मला पट्टे सोडावे लागले असते. खिसे म्हणायला लागले तर हात नुसताच पट्ट्यावर आपटत होता.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फार सुंदर शिवलंय. पण हे उभ्या माणसाचं माप आहे. आपण बसून उडतो."

मी उतरून आप्पांना फोन लावला आणि तोंड सोडलं. "आयुष्यभर ड्रायव्हरांना शिवलंत आप्पा, ते काय उभ्यानं गाडी चालवतात?" असलं काहीतरी. पलीकडं मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाले, "चूक झाली. उद्या येतो."

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून, तुळजापूरला बदलून, ते खरंच आले. धुतलेली टोपी, गळ्यात टेप, पिशवीत खडू आणि टाचण्यांची डबी. मॅडमना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाईसाहेब, लेकीचं माप विमानातच घ्यावं म्हणतो. परवानगी असंल तर." मला वाटलं आता मॅडम माझ्याकडं बघतील आणि मी जमिनीत जाईन. मॅडम म्हणाल्या, "टाचण्या बाहेर ठेवा. नेल्याच तर मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा. बाकी काही अडचण नाही."

आप्पांनी टाचण्या न्यायच्याच नाहीत असं ठरवलं. विमान सावलीत उभं होतं. आत यायच्या आधी त्यांनी दारावर बोटानं टकटक केलं. पत्रा पातळ वाजला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाजवून बघितलं.

मी पट्टे बांधून बसले. आप्पा दारात अर्धे वाकून. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "आता पेन्सिल घे," म्हणाले. माझा उजवा हात डाव्या दंडाकडं गेला. त्यांनी तिथं खडूनं खूण केली. "नकाशा घे." हात डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला गेला. खूण. "चष्मा." असं सात वेळा. हात आपसूक जिथं जातो तिथं खिसा, अशी त्यांची रीत. कुठलं पुस्तक वाचून आलेले नव्हते, पण मॅडम शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या आणि एकाही खुणेला त्यांनी हरकत घेतली नाही.

शेवटची खूण करताना आप्पा पुटपुटले, "तुला कधी खिसाच शिवला न्हाय म्या."

"असू द्या," मी म्हणाले.

"ध्यानातच आलं न्हाय."

मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला. मी पट्ट्यात होते, त्यांच्या हातात टेप होता, राहून गेलं.

मग आप्पा सरळ झाले आणि मॅडमना म्हणाले, "बाईसाहेब, हे उलटं होतंय का कधी?"

"उलटं नाही होत. पण शिकवताना आम्ही मुद्दाम नाक खाली टाकतो. तेव्हा क्षणभर माणूस हलका होतो. सैल ठेवलेली वस्तू वर उठते."

"माणूस बी?"

"पट्टे असतात ना."

आप्पांनी खांद्यावरचा पट्टा दोन बोटांत धरून ओढून बघितला. शिवण बघितली. "शिलाई चांगली हाय," म्हणाले. जाताना पुन्हा मागं वळून विमानाकडं बघत होते, ते मला दिसलं होतं. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. मला माझ्या जाकिटाची घाई होती.

दुसरं जाकीट आलं आणि माझं सगळं बदललं. ही बढाई नाही. वस्तू जिथल्या तिथं असली की डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात वारा, वेग, उंची अशा कामाच्या गोष्टी शिरतात. पेन्सिल दंडावर, नकाशा मांडीशी, न बघता हातात. मी वेंधळी नव्हतेच बहुतेक. मला ठेवायला जागा नव्हती एवढंच. कितीतरी बायांना लोक विसरभोळ्या म्हणतात, त्यांचे खिसे कुणीतरी मोजून बघावेत असं मला तेव्हापासून वाटतं.

मॅडमनी तपासणीचा दिवस ठरवला. त्यांच्याबरोबर एक उड्डाण, ते नीट झालं की त्याच दिवशी सोलो. मी खिसे म्हणाले. सात म्हणाले, सात बरोबर. "अजून काही अंगावर?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या दिशेला गेलो, उंची घेतली. मॅडमनी सांगितलं तसं मी नाक वर धरलं, वेग कमी होत होत विमान थरथरायला लागलं, टिकेनासं झालं, आणि मी नाक खाली टाकलं. अंग हलकं झालं.

आणि सगळं पिवळं झालं.

माझ्या छातीजवळून हळद उठली आणि काचेवर, वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांवर, मॅडमच्या तोंडावर पसरली. चमचाभरच असेल. पण त्या एवढ्याशा जागेत चमचाभर पुष्कळ होतं. वास आल्याबरोबर मला कळलं. तो नुसत्या हळदीचा नव्हता, त्यात खोबऱ्याचा वास होता. देवळातला भंडारा. आमच्या अणदूरच्या खंडोबाचा.

मॅडम खोकत होत्या. डोळ्यांवर रुमाल धरून अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "मला नीट दिसत नाहीये. तू ने."

मी नेलं. वारा बघितला, उंची सोडली, घड्याळांच्या काचा बाहीनं पुसल्या, यादी खिशातून न बघता काढली आणि टेकवलं. त्याआधी इतकं हलकं मला कधीच उतरवता आलं नव्हतं. चाकं लागल्याचं कळलंसुद्धा नाही. मनातल्या मनात मी म्हटलं, झालं, याहून मोठी परीक्षा काय असणार.

मॅडम खाली उतरल्या, डोळ्यांवर पाणी मारलं. डोळे लाल, भुवया पिवळ्या. कुणाला हसू आलं असतं, मला नाही आलं.

"हे काय होतं?"

"भंडारा. माझाच आहे," मी म्हणाले. आप्पांचं नाव मी तिथं घेणार नव्हते.

"तुझा असेल तर खिसे म्हणताना तू खोटं बोललीस. तुझा नसेल तर तुझ्या अंगावर काय आहे ते तुला माहीत नव्हतं. दोन्हीपैकी काहीही असो, मी तुला एकटीला सोडू शकत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "उतरवलंस उत्तम. ते मी लिहीन. दहा दिवसांनी आणखी एकदाच बघेन. त्याही वेळी असं झालं तर 'सोलोसाठी तयार नाही' असं लिहून तुला दुसऱ्यांकडे पाठवावं लागेल, सगळं पहिल्यापासून."

मेकॅनिकदादा अख्खी दुपार ब्रश घेऊन विमानाच्या फटी साफ करत बसले. बाकीच्यांची उड्डाणं राहिली. कुणी मला काही बोललं नाही आणि ते जास्त लागलं.

मी तशीच एसटीत बसले आणि अणदूरला गेले. आप्पा मशीनवर होते. मी जाकीट त्यांच्यासमोर उलटं करून टाकलं. डाव्या बाजूला अस्तराच्या आत बोटभर रुंदीचा एक आठवा खिसा होता, कच्च्या टाक्यानं बंद केलेला. पट्ट्याची कडी घासून टाका सुटला होता. आत चुरगळलेला पिवळा कागद.

"हे काय आप्पा?"

आप्पांनी मशीन थांबवलं. लपवाछपवी केली नाही. "लांब जाणाऱ्याला म्या देतोच," म्हणाले. "आपला देव बी एका जागी न्हाय. काही महिनं नळदुर्गाला जातो, पुन्हा हितं येतो. त्याला वाटंचं ठाव हाय. म्हणून बंडीत त्याचा भंडारा घालतो म्या. समद्याच बंड्यांत. तुझ्या मामाच्या बी."

"त्यांना सांगता?"

"न्हाय."

"का?"

"सांगितलं की माणूस बिनघोर होतो. गाडी बेफिकीर हाणतो. ज्याला ठाव न्हाय, तो जपून चालवतो."

आता लिहिताना मला हे केवढं शहाणपणाचं वाटतं. किती वर्षं किती ड्रायव्हर त्या रस्त्यावरून आप्पांची काळजी अंगावर घेऊन गेले आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. पण त्या दिवशी मला फक्त पिवळ्या भुवया दिसत होत्या.

"ट्रकच्या खाली रस्ता असतो आप्पा," मी म्हणाले. "बंद पडला तर कडेला लावता येतो. माझ्या खाली काय असतं? मॅडमना दिसत नव्हतं. मलाही दिसेनासं झालं असतं तर? तुमच्या भंडाऱ्यानं मेले असते मी."

बोलायला नको होतं असं नाही. खरंच होतं ते. पण ज्या आवाजात बोलले तो आवाज मला अजून आठवतो आणि लाज वाटते. आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं, ब्लेड घेतलं आणि तो खिसा उसवायला लागले. अस्तराला कुठं चीर पडू दिली नाही. मी तिथं थांबले नाही. आईनं हाक मारली तरी मिळेल ती गाडी पकडून परत गेले.

खोलीवर मी मावशींना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील, नाहीतर आप्पांची तरी. त्यांनी कुणाचीच घेतली नाही.

"आमच्याकडं कारखान्यात जाताना दारातच खिसे उलटे करून दाखवावे लागायचे," त्या म्हणाल्या. "काडीपेटी, बिडी, काय बी नको आत. दारावर माझा सख्खा भाऊ असायचा. माझी बी कनवटी बघायचा. पहिल्या दिवशी मला लई राग आला. भावानं बहिणीची झडती घ्यावी व्हय?"

"मग?"

"मग काय. त्यानं माझी बघितली न्हाय तर दुसऱ्याची कोणत्या तोंडानं बघणार?" त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. "तुझा बाप आता देईल ते जाकीट तू तपासणार का तसंच घालणार?"

मला याचा विचारच सुचला नव्हता. आप्पांनी उसवलं, म्हणजे झालं, असंच मी धरून चालले होते. आप्पांनी माझ्यासमोर उसवलं होतं. पण मी निघून आल्यावर त्या जाकिटावर पुन्हा त्यांचेच हात फिरणार होते. मॅडमनी "अजून काही?" विचारल्यावर मी "नाही" म्हणणार होते ते कशाच्या जोरावर? बापावरच्या विश्वासाच्या. मागच्या वेळीही तोच होता.

आईला मी फोनवर तारीख सांगितली होती, आणि तपासणीच्या दिवशी आप्पा स्वतः जाकीट घेऊन आले. कुणाच्या हाती पाठवलं नाही. फाटकाजवळच्या बाकावर बसले होते, मांडीवर घडी घातलेलं जाकीट. "घे," म्हणाले. "आता त्यात काय न्हाय."

मी ते हातात घेतलं. "आप्पा, मला बघावं लागेल," मी म्हणाले.

आप्पा बाकावर थोडे सरकले, मला जागा करून दिली. "बघ. बघाय पायजेच."

मी एकेक खिसा उलटा केला. अस्तरावरून बोटं फिरवली, शिवणी दाबून बघितल्या. येणारीजाणारी मुलं बघत होती. ज्या माणसाच्या शिलाईवर गावानं कधी बोट ठेवलं नाही, त्याची झडती त्याची लेक चारचौघांत घेत होती. मला रडू येत होतं आणि मी थांबत नव्हते.

"कॉलर बघ," आप्पा म्हणाले.

मी कॉलर बघितली.

"घेराची पट्टी. खालची. तिथं दोन पदर असत्यात, तिथं घालता येतं."

मी ती बघितली.

"बगलंत कळीचा तुकडा हाय, तिथं बी. चेनच्या मागं. खांद्याच्या आत." कुठं कुठं लपवता येतं ते सगळं ते मला दाखवत गेले. एका जाकिटात एवढ्या जागा असतात हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक जागी मी बोट घातलं आणि प्रत्येक जागा रिकामी होती. काहीच सापडलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी जाकीट धरलं आणि मी त्यात हात घातले. त्यांनी मागून खांदे सरळ केले, गिऱ्हाइकाचे करतात तसे.

मॅडमबरोबर तीन फेऱ्या झाल्या. त्याआधी मी खिसे म्हणाले होते. "अजून काही अंगावर?" त्यांनी विचारलं होतं. "काही नाही. शिवणाऱ्याच्या समोर तपासलंय," मी म्हणाले होते. मॅडमनी मान हलवली होती. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी विमान कडेला घ्यायला सांगितलं, पट्टे सोडले, आपल्या बाजूचे पट्टे पुन्हा एकमेकांत घट्ट अडकवले आणि उतरल्या. "एक फेरी," म्हणाल्या. "मी इथेच आहे." दार बंद केलं.

एक माणूस कमी झाल्यावर विमान फार लवकर उचलतं. मला ते माहीत होतं, तरी दचकले. खाली शहर, हातलाईचा डोंगर, लांबवर तुळजापूरचा रस्ता. शेजारची जागा रिकामी. भीती वाटली. थोडीथोडकी नाही. जाकिटात काही नव्हतं, अस्तरात, कॉलरीत, कळीत, कुठंच. ते माझ्या बोटांना पक्कं माहीत होतं. मी मोठ्यानं यादी वाचायला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. वळले, पुन्हा वळले, पट्टी समोर आली. टेकवलं ते काही फार हलकं नव्हतं. एकदा उडी मारली विमानानं. पण उतरले.

मॅडमनी पाठीवर थाप मारली. मुलांनी दंगा केला. त्यातून सुटून मी फाटकाकडं गेले. आप्पा बाकावर नव्हते. कुंपणाच्या तारेला दोन्ही हातांनी धरून उभे होते. टोपी काढून खिशात कोंबलेली. तळहातांवर तारेचे वळ उठले होते.

"एकलीच होतीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"भ्यालीस?"

"भ्याले आप्पा."

"म्या तर लई भ्यालो, पोरी," ते म्हणाले. आप्पांनी भ्यालो म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खाली बघून त्यांनी तळहात एकमेकांवर चोळले. मग वर बघितलं आणि विचारलं, "हे आता रोजच का?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "रोजच."

त्यांनी खिशातली टोपी काढून झटकली आणि डोक्यावर घातली.

"बरं," आप्पा म्हणाले.